पडवीतला दिनविशेष फळा: वर्षभराच्या कामाच्या नोंदी

४ मे २०२४

आमचं वाचनालय सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात खालच्या, ड वर्गातलं. चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढे पश्चिमेला तोंड करून पडवी, आणि दुपारी चार ते सात मी: ग्रंथपाल, हिशेबनीस आणि झाडू मारणारी, सगळं एकच. मे २०२१च्या तौक्ते वादळात पडवीवरचे पत्रे उडाले तेव्हा दिनविशेषाचा जुना फळा भिजून पापडासारखा फुगला. तो अजून कपाटामागे उभा आहे. समितीने काल ५,००० रुपये मंजूर केले. नवा फळा करायचा, त्यावर रोज त्या त्या तारखेला घडलेल्या चार-पाच गोष्टी लिहायच्या आणि पावसाआधी सगळं संपवायचं.

मी पंधरा दिवसांत उरकेल म्हणाले. देवगड तालुक्यात किंवा इतरत्र किनाऱ्यावर कुणी असं काम काढणार असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे. पंधरा दिवस विसरा.

१२ मे

सहा बाय चार फुटांचा प्लाय आणला. दुकानदार मरीन प्लाय घ्या म्हणत होता. मी ९०० रुपये वाचवायला साधा घेतला. वर पत्रा आहे, पाऊस कुठे लागतोय, असा माझा हिशेब. प्लाय १,८५०, प्रायमर आणि फळ्याचा काळा रंग मिळून ६२०, पेंटरदादांची मजुरी १,०००, स्क्रू आणि हुक ९०. एकूण ३,५६०.

पेंटरदादांना एका लग्नाच्या मांडवाचं काम होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात एकाच दिवशी मारले. मीही घाई केलीच.

१९ मे

खडू घसरतो. रंग वरून सुकला, आतून ओलाच. बोट दाबलं की ठसा उठतो. चार दिवस उन्हात ठेवला तेव्हा कुठे घट्ट झाला. तरी अक्षर धरेना. शेवटी निवृत्त गुरुजींनी शाळेतली युक्ती सांगितली: नवा फळा वापरण्याआधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढराफटक करायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, असं दोनदा. मगच लिहायचं. तसं केल्यावर अक्षर बसलं. आठवडा गेला तो मात्र गेलाच.

२७ मे

आता मजकूर. रोज उठून शोधत बसले तर पुस्तकं कोण देणार? म्हणून आधीच ३६६ कार्डं करून ठेवायची ठरवली, तारखेला एक. कार्डं फुकट मिळाली. जुन्या तालिकेच्या लाकडी खणांमध्ये पाच बाय तीन इंचांची कोरी कॅटलॉग कार्डं गठ्ठ्याने पडून होती. यादी संगणकात गेल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला नाही. कसर लागलेली वेगळी काढली, बाकीची उन्हात घातली.

पहिल्या चाळीस कार्डांचा मजकूर मी दोन रात्रींत उतरवला, मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांवरून. भराभर काम झालं म्हणून खूश होते. पुढच्या नोंदी वाचल्यावर कळेल की या चाळिसांपैकी तेवीस कार्डं फाडावी लागली.

६ जून

फळा सुरू. पहिल्या दिवशी दोन ओळी ठळक लिहिल्या: १६७४, रायगडावर शिवराज्याभिषेक, १९४४, दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. खाली माझी स्वतःची पुस्ती: "एकाच दिवशी!" दोनशे सत्तर वर्षांचं अंतर, पण दिवस तोच, असं मला म्हणायचं होतं.

गुरुजी चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "बाय, दिवस तोच नाही हां." मला वाटलं, तिथी आणि तारखेचं नेहमीचं सांगतायत. रायगडावर सोहळा दोनदा होतो, तारखेने एकदा आणि तिथीने एकदा, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. ६ जून ही तारीख जुन्या जुलियन पंचांगाची. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगाने राज्याभिषेक १६ जूनला येतो. तेव्हा नॉर्मंडी आणि रायगड यांच्यात दहा दिवसांची फट आहे.

मी मान्य केलं नाही. फळ्यावर आज ६ जूनच लिहिलेलं राहील, असं जरा तोऱ्यातच म्हणाले.

९ जून

गुरुजी घरून जंत्री घेऊन आले. शके, तिथी, हिजरी आणि इंग्रजी तारखा समोरासमोर मांडलेलं पुस्तक, पानं पिवळी, पाठीला बुकबाइंडिंगची पट्टी. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. शुद्ध त्रयोदशी म्हणजे अमावास्येनंतर बारा-तेरा दिवस, चंद्र जवळजवळ पूर्ण. "आता तुझ्या मोबाइलात बघ, १६७४ सालच्या जूनमध्ये अमावास्या कधी होती." आजच्या पंचांगाने ती ४ जूनच्या आसपास पडते. त्यात बारा दिवस मिळवा: १६ जून. आजच्या पंचांगातल्या ६ जूनला आकाशात चंद्राची नुसती कोर असली असती. वाद संपला. चंद्राशी कोण भांडणार?

यातून एक गोष्ट हाती लागली ती कोकणात काम करणाऱ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. पोर्तुगिजांनी नवं पंचांग १५८२ सालीच घेतलं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. इंग्रजांनी ते सप्टेंबर १७५२पर्यंत घेतलं नाही. त्यांनी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर केला. म्हणजे मधली पावणेदोनशे वर्षं आपल्या याच किनाऱ्यावर, गोव्यातला पोर्तुगीज कारकून आणि मुंबई-सुरतेचा इंग्रज कारकून एकाच दिवशी वेगवेगळी तारीख घालत होते. सतराव्या शतकात दहा दिवसांचा फरक, १७०० सालापासून अकरा. वसईचा किल्ला पोर्तुगिजांनी चिमाजी अप्पांच्या स्वाधीन केला ती तहाची तारीख १६ मे १७३९. त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजांच्या वहीत ५ मे होती.

म्हणून कार्डाला एक रकाना वाढवला: "कुठल्या पंचांगाने". १७५२च्या आधीची प्रत्येक इंग्रजी तारीख संशयित. राज्याभिषेकाचं कार्ड मात्र ६ जूनच्याच खणात राहिलं, कारण सोहळा त्या तारखेला होतो. खाली तिथी आणि कंसात "जुनं पंचांग". "एकाच दिवशी!" पुसलं.

त्याच न्यायाने १९ फेब्रुवारी. शासनाने मान्य केलेली शिवजयंती, १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तीही जुन्या पंचांगाची. त्याच कार्डावर गोपाळ कृष्ण गोखले यांचं निधन, १९१५. ते गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, म्हणून आमच्या फळ्यावर त्यांना जागा हवीच. त्याच तारखेला १४७३ साली कोपर्निकस जन्मला. त्या वेळी नवं पंचांग आलेलंच नव्हतं, म्हणून त्याच्यापुढेही "जुनं पंचांग".

२४ जून

पाऊस. फळ्याची वाट लागली.

पत्र्याखाली पाणी येत नाही, पण वारा येतो, आणि वाऱ्याबरोबर खार. खडू हवेतलं पाणी पितो आणि मग लिहिताना नुसता ओरखडा उठतो. आइस्क्रीमच्या डब्यात तांदूळ भरून त्यात खडू ठेवले. दोन दिवस बरं चाललं, मग मुंग्या झाल्या. आता खडूची पेटी इंटरनेटच्या राउटरवर ठेवते. तो कायम कोमट असतो. वीज असेल तोवर खडू कोरडे.

प्लायचा खालचा कोपरा फुगायला लागलाय. वाचवलेले ९०० रुपये तिथून बाहेर डोकावतायत. लोखंडी स्क्रूंचे तांबडे ओघळ थेट "दिनविशेष" या शब्दावर.

कार्डांवरची शाईही फुटली. फाउंटन पेनने लिहिलेली सगळी पुन्हा बॉलपेनने लिहिली.

१७ जुलै

आजचं कार्ड: १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. दुसरी ओळ होती, १९७५, अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ अंतराळात जोडलं गेलं. सकाळी दोन्ही लिहिल्या आणि दुपारी दुसरी पुसली. चुकीची नव्हती, पण शेजारी बरी दिसेना. त्या ओळीसाठी पुढच्या वर्षी बघू.

पेपर वाचायला येणारे आबा म्हणाले की बोटीची आठवण जुनी माणसं तारखेने काढत नाहीत, आषाढी अमावास्येला काढतात. यंदा ती अमावास्या ऑगस्टात येते. मग फळ्यावर कधी लिहायचं? तारखेलाच. पण कार्डावर "आषाढ अमावास्या" जोडलं. आबा त्या दिवशी पुन्हा विचारणार हे नक्की.

२१ जुलै

माझ्या मोबाइलवरच्या यादीत माणूस चंद्रावर उतरला २० जुलै १९६९ला. काल तसं लिहिलं. आज गुरुजी म्हणाले, "मी सकाळी शाळेत निघालो होतो तेव्हा रेडिओवर ऐकलं. तारीख २१."

दोघंही बरोबर. यान उतरलं तेव्हा अमेरिकेत २० तारखेची दुपार होती, आपल्याकडे २१ची मध्यरात्र उलटून पावणेदोन झाले होते. आर्मस्ट्राँगने पाय ठेवला तेव्हा आपल्याकडे सकाळचे जवळजवळ साडेआठ. एरवी माझा नियम असा की घटना जिथे घडली तिथली तारीख घ्यायची. टायटॅनिक हिमनगावर आदळली ती जहाजाच्या घड्याळाने १४ एप्रिलच्या रात्री, बुडाली १५ला. तिथेही तसंच केलं. पण चंद्रावरची तारीख कुठली? सातवीतल्या एका पोराने हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या फळ्यावर २१, "आपल्या घड्याळाने" असं लिहून. समिती काय म्हणायचं ते म्हणो.

१ ऑगस्ट

वर्षभरात आवडलेलं एकच कार्ड निवडायचं झालं तर हे. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. नुसती तारीख नव्हे, सालही तेच. इथे पंचांगाची खटपट नाही, देशांतराची नाही.

तरी एक बारकावा निघालाच. टिळक गेले ते मध्यरात्र उलटल्यावर. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, आपला सूर्योदयाला. म्हणजे आपल्या जुन्या रीतीने ती ३१ तारखेचीच रात्र म्हणायची. असल्या घटनांसाठी कार्डाच्या कोपऱ्यात आता वेळही लिहिते. २३ जुलैच्या कार्डावर टिळकांचा जन्म आहे, १८५६, रत्नागिरी; त्याच तारखेला १९२७ साली मुंबईच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन झालं. ते लिहिलं तेव्हा कुणी वळूनही बघितलं नाही. आज मात्र तिघांनी फळ्याचा फोटो काढला.

१८ ऑगस्ट

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलं कार्ड. नऊ दिवस.

आमच्या भागात मूलही सांगेल की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात, लॉकियर साहेबाने. किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" आहेत, आजच्या दिवशी तिथे हेलियम दिन साजरा होतो. मीही तसंच लिहून ठेवलं होतं. मग विश्वकोशातला मजकूर बघायला बसले आणि एकेक धागा सुटत गेला.

ग्रहण खरं. त्याची सावली कोकणाच्या किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली. पण हेलियमची खूण ठरलेली, वर्णपटातली (प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यातली) पिवळी रेघ या ग्रहणात टिपणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होता तो आंध्रात गुंटूरला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये. त्याने ग्रहणाशिवाय, दिवसाढवळ्या, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला तो २० ऑक्टोबर १८६८ला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून श्रेय दोघांना मिळालं. पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदकही पाडलं गेलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो रॅमझे या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाकडे, १८९५ साली.

मग विजयदुर्गावर लॉकियर आलाच नाही? आला. तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी तो दुर्बिणी आणि मदतीला आरमारी जहाजाचे खलाशी घेऊन विजयदुर्गाला उतरला होता. दोन ग्रहणं, एक साहेब, आणि लोकांच्या तोंडी दोन्हींची मिळून एक गोष्ट झालेली.

हे फळ्यावर लिहायचं कसं? आबांना सांगून बघितलं. ते भडकले. "अगे, आमच्या गावचो मान तू गुंटूरवाल्यांका देतंस?" त्यांचं दुःख मला कळतं. या किनाऱ्यावर बाहेरून येऊन कुणी काही मोठं केलं असं सांगायला आमच्याकडे फार गोष्टी नाहीत, आणि त्यातली एक मी काढून घेत होते.

तोडगा: एकाऐवजी दोन कार्डं. आजच्या फळ्यावर: "१८६८, आपल्या किनाऱ्यावरून गेलेलं खग्रास ग्रहण, याच ग्रहणात गुंटूरहून जान्सनने पाहिलेली पिवळी रेघ पुढे हेलियमची ठरली." आणि २२ जानेवारीच्या खणात: "१८९८, सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर." आबांना ते दुसरं कार्ड दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि खिशात घालायला निघाले. परत मागून घेतलं.

१० सप्टेंबर

गणपतीला चाकरमानी आले. पडवी भरलेली, चपलांचा ढीग, आणि प्रत्येक जण फळ्याचा फोटो काढतोय. पाच दिवसांत सदस्यत्वाचे अकरा नवे अर्ज आले, त्यातले नऊ जण दसऱ्यानंतर फिरकणार नाहीत.

याच गर्दीत फळा पडला. भिंतीतला वरचा हुक गंजून तुटला. कुणाला लागलं नाही, पण प्लायचा कोपरा फुटला आणि आतले थर वहीच्या पानांसारखे सुटले.

२९ सप्टेंबर

प्लायला रामराम. पुन्हा तोच करायचा नाही, असं ठरलं. मार्करचा पांढरा फळा एका शाळेत बघितला होता. खाऱ्या हवेत त्यावर चिकट थर बसतो, शाई अर्धी पुसते आणि अर्धी भूत होऊन राहते. पेंटरदादांनी सुचवलं: काच. पाच मिलिमीटरची साधी खिडकीची काच, पाठीमागून पांढरा ऑइलपेंट, पुढून मार्करने लिहायचं. काच फुगत नाही, गंजत नाही, ओल्या फडक्याने स्वच्छ होते.

चार बाय तीन, म्हणजे बारा चौरस फूट, ८० रुपये दराने ९६०. कडा घासून त्यातच. रंग २१०, सुताराची सागवानी चौकट ७००, स्टीलचे स्क्रू आणि क्लिपा ११०. मार्कर पाच, १५०. आधीचे ३,५६० धरून एकूण ५,६९०. मंजूर रक्कम ५,०००. वरचे ६९० मी माझ्या मानधनातून घातले आणि समितीच्या बैठकीत ते मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले. मे महिन्यात थेट काच घेतली असती तर निम्म्याहून कमी पैशांत काम झालं असतं.

चूक एकच झाली: पहिल्यांदा रंग मारताना काचेवर बोटांचे तेलकट डाग होते. पुढून बघितलं की "दिनविशेष"च्या मागे पेंटरदादांचे पाच ठसे दिसायचे. खरवडून, व्हिनेगरने पुसून पुन्हा मारला. एक दिवस.

७ नोव्हेंबर

आज जागेची मारामारी. रामन (१८८८), मारी क्यूरी (१८६७), साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचा प्रवेश (१९००), केशवसुतांचं निधन (१९०५), रशियन क्रांती (१९१७). काच आता लहान, पाच ओळींच्या वर अक्षर पडवीच्या पायरीवरून दिसत नाही.

क्रांती खाली ढकलली. ती सगळीकडे "ऑक्टोबर क्रांती" म्हणून लिहितात, कारण रशियात तेव्हाही जुनंच पंचांग चालू होतं, तिथे ती तारीख २५ ऑक्टोबर. एका पोराने मला खोटं पाडायला हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं. जूनमधला अपमान वसूल.

केशवसुत वर. मालगुंडचा कवी मधल्या ओळीत दडपला असता तर मला झोप लागली नसती.

११ डिसेंबर

कोयनेचा भूकंप, १९६७. माझ्या कार्डावर १० डिसेंबर होतं, इंग्रजी यादीतून उतरवलेलं, आणि काल मी तसंच लिहिलं. आबा काठी टेकत पडवीत चढले. "धा तारीख खयसून इली? माका सांग. पहाटे चार वाजान गेल्ले. आवस चुलीकडे होती, मडकी फळीवरसून खाली इली. अकरा तारीख, सोमवार."

बघितलं. सोमवार बरोबर. भूकंप आपल्या घड्याळाने पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, आणि ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा अजून १० तारखेची रात्र होती. भूकंपाच्या याद्या ग्रिनिचने चालतात. चंद्राच्या कार्डावर हाच धडा शिकले होते, तरी डिसेंबरचा खण तपासला नव्हता. आज फळ्यावर ११ लिहिलं, खाली "काल चूक झाली" असंही लिहिलं.

यानंतर भूकंप, चक्रीवादळ, अंतराळ या तीन शब्दांची सगळी कार्डं वेगळी काढून वेळ तपासली. एकोणीस निघाली, चार चुकीची.

२२ जानेवारी २०२५

लॉकियरचं कार्ड लागलं. आबा सकाळपासून पडवीत. जाणाऱ्या-येणाऱ्याला स्वतःच वाचून दाखवत होते.

२६ जानेवारी

१९५० प्रजासत्ताक, १९३० पहिला पूर्ण स्वराज्य दिन, १९९८ कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू, २००१ भूजचा भूकंप. १९५०ची तारीख १९३०ची आठवण म्हणूनच निवडली होती. म्हणजे इथे योगायोग नाही, बाण काढून जोडावं लागतं. मग बाण काढला. मार्कर संपला.

२० एप्रिल

कार्डं ३६६ पूर्ण. शाईत ३२२, पेन्सिलीत ४४. हा नियम गुरुजींचा: दोन स्वतंत्र जागी तारीख जुळली तर बॉलपेन, नाहीतर पेन्सिल. पेन्सिलीतलं फळ्यावर चढत नाही. दोन मोबाइल याद्या म्हणजे दोन जागा नव्हेत, त्या एकमेकींच्या नकला असतात. एकीतली शुद्धलेखनाची चूक दुसरीत सापडली की समजायचं. एका कार्डाला सरासरी पंचवीस मिनिटं. गुणाकार करून बघितला, दीडशे तासांवर गेला, तो आकडा घरी सांगितलेला नाही.

१८ एप्रिलचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. तात्या टोपे यांना फाशी १८५९, दामोदर चापेकर यांना फाशी १८९८, महर्षी कर्वे यांचा जन्म १८५८, भूदानाची सुरुवात १९५१, आइनस्टाइनचं निधन १९५५. याच्या उलट ऑगस्टच्या शेवटी काही तारखा अशा की ओळ शोधायला दिवस जातो. २९ फेब्रुवारीला मोरारजी देसाई आहेत, १८९६. ते कार्ड २०२८ पर्यंत खणात.

२३ एप्रिल

जागतिक पुस्तक दिन, वाचनालयाचा हक्काचा दिवस. सगळीकडे लिहितात की शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६. वर्षापूर्वी मीही डोळे मिटून लिहिलं असतं. स्पेनमध्ये तेव्हा नवं पंचांग, इंग्लंडात जुनं. शेक्सपिअरची २३ एप्रिल म्हणजे नव्या पंचांगाने ३ मे. शिवाय सर्व्हांटिस गेला २२ला, २३ला त्याचं दफन झालं. म्हणजे ही जोडी दोन्ही बाजूंनी लंगडी.

फळ्यावर हेच सगळं लिहिलं. सहा ओळी झाल्या, अक्षर बारीक, पायरीवरून वाचता येईना. एकाने विचारलं, "मग आज नेमकं काय झालं?" मी म्हटलं, १९९२ साली सत्यजित राय गेले. ते मात्र नक्की.

२६ मे

काचेच्या चौकटीत पुटी भरायचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवलं होतं. पाऊस काल, २५ तारखेलाच देवगडात येऊन पोचला. चौकटीच्या खालच्या फटीतून पाणी काचेमागे गेलंय, पांढऱ्या रंगाला डाव्या कोपऱ्यात वितभर फोड. फळा आत आणून भिंतीला टेकवून ठेवलाय. खरवडून पुन्हा रंगवायला पंख्याखाली निदान चार दिवस लागतील. उरलेला रंग पुरेल. पुटी ४० रुपयांची आणली.

काल रात्री बंद करताना पाहिलं नव्हतं, आज दिसलं: काचेवर तळाशी कुणीतरी मार्करने लिहून ठेवलंय, "२५ मे २०२५, पाऊस इलो." अक्षर सातवीतल्या त्या पोराचं वाटतं. खणातून २५ मेचं कार्ड काढून ती ओळ त्यावर उतरवली. पेन्सिलीने. हवामान खात्याची नोंद बघितल्याशिवाय शाई नाही, असं गुरुजींनी बजावलंय.